पोरगं दार लावून बसतं, आबा म्हणतात धाक राहिला नाही: यावर माझं उत्तर

भाऊ, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला पण लगेच उत्तर लिहायला घेतलं नाही. गेली १९ वर्षं जळगावात समुपदेशनाचं काम करतेय, त्याआधी अमळनेर तालुक्यात ७ वर्षं हायस्कूलला शिकवत होते, आणि अशा प्रश्नाला घाईत दिलेलं उत्तर घरातल्या लेकराला किती महाग पडतं ते मी पाहिलंय.

तुम्ही काय विचारलंय ते आधी माझ्या शब्दात लिहिते, चुकलं तर सांगा. मुलगा १५ चा, दहावीत. त्याच्या शाळेसाठी दीड वर्षापूर्वी चोपडा तालुक्यातलं गाव सोडून तुम्ही जळगावला फ्लॅटमधे आलात, सोबत आबा (तुमचे वडील) पण आले, आजी गावाकडे काकांजवळ राहिल्या. आठवीपर्यंत घरभर बडबड करणारं पोरगं आता शाळेतून आलं की दार लावून घेतं, जेवायला बोलावलं तर "भूक नाही", मार्क ७८ वरून ६१ वर आले, रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल. आबा म्हणतात धाकच राहिला नाही, दोन ठेवून द्या. वहिनी (मुलाची आई) म्हणतात त्याला एक शब्द बोलू नका, आजकालची पोरं जिवाचं बरंवाईट करून घेतात. आणि तुम्ही दोघांच्या मधे. शेवटी तुम्ही लिहिलंय, "स्ट्रिक्ट राहू की फ्री सोडू, एक काय ते सांगा. आम्ही पण मार खाऊनच मोठे झालो, आम्हाला काय झालं?"

एक काय ते मी सांगणार नाही, कारण मला यात तुमचा खरा प्रश्न वेगळाच दिसतो. एका घरात तीन मोठी माणसं आहेत, तिघांचे कायदे वेगळे आहेत आणि तिघांचं भांडण त्या पोराच्या नावाने चाललंय. त्याच्याशी कोणीच बोलत नाहीये, त्याच्याबद्दल बोलतायत. भिंतीपलीकडे त्याला सगळं ऐकू जातं बरं का. फ्लॅटच्या भिंती गावाकडच्या धाब्याच्या (मातीच्या सपाट छताच्या) घरासारख्या हातभर जाड नसतात.

आता काही गोष्टी अशा आहेत की ज्या मला इथे बसून कळणार नाहीत आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. शाळा बदलल्यावर त्याला कोणी त्रास देतंय का, भाषेवरून किंवा कपड्यांवरून चिडवतंय का. कुठल्या मुलीशी (किंवा मुलाशी) मन गुंतलंय का. ऑनलाईन गेममधे पैसे गेलेत का, हे मी हल्ली फार बघतेय. घरात कर्जाचं, दारूचं, आजारपणाचं काही चालू आहे का. आणि मुळात त्याचा स्वभाव कसा, कारण काही मुलं जात्याच अबोल होतात या वयात आणि अठरा-एकोणीसला परत बोलती होतात. एकाच घरातल्या दोन भावांवर एकच वागणूक वेगवेगळा परिणाम करते हे तर प्रत्येक आईला माहिती असतं. तेव्हा मी पुढे जे लिहितेय ते माझ्याकडे आलेल्या घरांवरून आहे, तुमच्या घराला किती लागू पडतं ते तुम्ही ताडून बघा.

आबांपासून सुरू करते, कारण त्यांना आपण पटकन चूक ठरवतो आणि मला ते बरोबर वाटत नाही. आबांचा धाक त्यांच्या काळात काम करत होता, हे खरं आहे. पण तो एकटा काम करत नव्हता. तुम्ही स्वतःचं लहानपण आठवा. आबा ओरडले की तुम्ही कुठे पळायचा? आजीच्या मागे, आणि ती पदराने तोंड पुसत म्हणायची "काय व्हयनं रे भाऊ तुले?" काका सायकलवर पुढे बसवून बाजाराला न्यायचे. चुलत भाऊ होते, विहिरीवर पोहायला जायचं होतं, उन्हाळ्यात धाब्यावर सगळ्यांची अंथरुणं एका ओळीत पडायची आणि दिवसभराचा राग चांदण्या बघताबघता निघून जायचा. समोरच्या ओट्यावर बसलेले नाना तुमच्या बापालाच बोलायचे की अरे लेकराला इतकं बोलतात का. म्हणजे बाप धाकाचं काम करायचा कारण मायेचं काम करायला घर आणि अख्खी गल्ली होती. त्या बापाला माया नव्हती असं नाही, त्याच्या वाट्याला कामच ते आलं होतं.

आता तोच धाक दोन बेडरूमच्या फ्लॅटमधे आलाय आणि बाकीची माणसं गावाकडे राहिली. तुम्ही ओरडल्यावर पोरगं जाणार कुठे? बेडरूममधे. तिथे आजी नाही, काका नाहीत, मोबाईल आहे.

माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा-सात घरांची गोष्ट इथेच असते, आणि आईबापांना वाटत असतं की पिढी बिघडली. माझं म्हणणं असं की एका माणसाच्या वाट्याला पूर्वी दहा जण मिळून करायचे ते काम आलंय. धाक पण तुम्हीच, माया पण तुम्हीच, ऐकून घेणारे पण तुम्हीच. हे जड आहे आणि ते कोणी तुम्हाला शिकवलेलं नाही, कारण तुमच्या बापाला ते करावंच लागलं नव्हतं. म्हणून तुम्हाला जमत नाहीये याची लाज बाळगू नका.

स्ट्रिक्ट की फ्री याबद्दल थोडं शास्त्राचं सांगते, मग परत घरात येऊ. डायना बॉमरिंड नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६० च्या दशकात अमेरिकेत बर्कलीला आईबाप आणि मुलं यांचा अभ्यास केला आणि पालकांच्या तीन पद्धती मांडल्या, पुढे १९८३ मधे मॅकोबी आणि मार्टिन या दोघांनी त्यात चौथी जोडली. त्यातली कामाची गोष्ट एवढीच की ते दोन वेगळे प्रश्न विचारतात. एक, मुलाकडून तुमच्या अपेक्षा आणि नियम किती आहेत. दोन, मुलाला तुमच्याकडून ऊब आणि प्रतिसाद किती मिळतो. तुम्ही "स्ट्रिक्ट की फ्री" म्हणता तेव्हा एकच पट्टी धरून तिची दोन टोकं बघताय, पण पट्ट्या दोन आहेत. नियम भरपूर आणि ऊब पण भरपूर असं घर असू शकतं, आणि बहुतेक अभ्यासात अशा घरातली मुलं जास्त सावरलेली दिसतात. नियम भरपूर आणि ऊब नाही हे आबा सांगतात त्याच्या जवळ जातं. वहिनी म्हणतात ते म्हणजे ऊब आहे पण नियम सोडून दिले. आणि चौथं, दोन्ही नाही, "त्याचं तो बघेल", हे सगळ्यात वाईट, आणि तुम्ही दोघांच्या भांडणाला कंटाळून हळूहळू तिकडे सरकताय असं मला तुमच्या लिहिण्यातून वाटलं. रागावू नका, काळजीने लिहितेय.

आता कोणी म्हणेल हे अमेरिकेतलं इथे कशाला. बरोबर शंका आहे आणि ती तिकडच्या लोकांनीही काढलीय. रुथ चाओ या संशोधक बाईंनी १९९४ मधे दाखवलं की अमेरिकेत राहणाऱ्या चिनी वंशाच्या आया ज्याला गोऱ्या संशोधकांनी नुसता "हुकूमशाही कारभार" म्हटलं असतं, तसं वागत होत्या, पण त्यांच्या मनात त्याचा अर्थ वेगळा होता. त्यांच्याकडे "गुआन" असा शब्द आहे, त्यात ताब्यात ठेवणं पण येतं आणि काळजी घेणं पण येतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला लगेच आपला "वळण" शब्द आठवला. वळण लावणं म्हणजे मारणं नाही आणि मोकाट सोडणं तर नाहीच, त्यात शेजारी उभं राहून दाखवणं आहे. आबांशी बोलताना हा शब्द वापरा. "आबा, तुमचं चुकतंय" म्हटलं की ते ऐकणार नाहीत. "आबा, वळण लावायचंय, धाक कुठवर पुरेल" म्हटलं तर ऐकतील, मी अनेक आबांच्या बाबतीत अनुभव घेतलाय.

सगळ्यात महत्त्वाचं आता. नियंत्रण दोन प्रकारचं असतं. एक वागण्यावरचं: दहाला घरी यायचं, मोबाईल रात्री बाहेर ठेवायचा, क्लास बुडवायचा नाही, खोटं बोललास तर दोन दिवस बाहेर जाणं बंद. दुसरं मनावरचं: टोमणा, चारचौघात पाणउतारा, तुलना, अबोला, आणि उपकार मोजून दाखवणं. ब्रायन बार्बर नावाच्या संशोधकाने १९९० च्या दशकात हा फरक नीट मांडला. वागण्यावर अजिबात लगाम नसला तर मुलं बाहेर वाह्यात वागायला लागतात, आणि मनावर ताबा मिळवायला गेलं तर आतून कुढतात, उदास होतात. माझ्या खुर्चीतून मला अगदी हेच दिसतं. "माझे बाबा फार कडक आहेत" असं सांगणारी मुलं मी पुष्कळ बघितली आणि त्यातली बरीचशी बरी होती. मोडलेली मुलं वेगळं सांगायची: "पप्पा तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत." "मामाच्या लग्नात सगळ्यांसमोर माझे मार्क सांगितले."

आणि आपल्याकडचं एक वाक्य आहे, ते मी इतक्यांदा ऐकलंय: "तुझ्यासाठी वावर विकलं." भाऊ, तुम्ही विकलं की नाही मला माहिती नाही. पण कापसाचा भाव पडला, केळी वादळात आडवी झाली, आणि तरी क्लासची फी भरली, हे ज्याने केलं त्याचा त्याग खोटा नाहीये. तो मुलाला कळायलाही हवा. पण मार्क कमी आल्याच्या दिवशी ताटावर बसलेल्या पोराला हे वाक्य ऐकवलं की त्याच्या डोक्यात हिशोब सुरू होतो की मी एवढ्या किमतीचा नाही. एक मुलगा होता, १७ चा, (सगळ्यांचेच तपशील बदलून लिहितेय), बारावीला, लातूरला क्लासला ठेवलेला. दिवाळीला घरी आला तो परत जायला तयार नव्हता आणि कारण सांगत नव्हता. तिसऱ्या भेटीत म्हणाला, "मॅडम, मी नापास झालो तर पप्पा काय विकतील आता?" त्याला अभ्यास जमत होता. त्याला पुस्तक उघडलं की अर्धा एकर दिसत होता. वडिलांना मी हे त्याच्या परवानगीने सांगितलं तेव्हा ते बराच वेळ खाली बघत होते, मग म्हणाले मी तर त्याला जोर यावा म्हणून म्हणायचो. हेतू चांगलाच असतो हो. सगळ्यांचाच.

मुलींच्या घरी हेच वेगळ्या रूपात येतं म्हणून थोडं लिहिते, तुमचा प्रश्न मुलाचा असला तरी. यावल तालुक्यातली एक मुलगी, अकरावी, रोज सकाळी पोटात दुखायचं, सगळ्या तपासण्या नॉर्मल. घरात आजीचे नियम एक, कॉलेजचं जग दुसरं. मैत्रिणींबरोबर आईस्क्रीम खायला थांबली म्हणून घरी चार दिवस बोलणी, आणि आईला आतून पटत नव्हतं पण सासूसमोर ती बोलू शकत नव्हती. ती मुलगी दोन्हीकडे वेगवेगळं खोटं बोलून थकली होती, तेच पोटात दुखत होतं. आम्ही आजीला बोलावलं. मला वाटलं होतं आजी भांडतील. आजी म्हणाल्या माझं लग्न चौदाव्या वर्षी झालं, मला बाहेरची भीतीच माहिती आहे, मी तिला दुसरं काय देऊ. खोलीत कोणाला बोलता येईना. पुढे सहाएक महिन्यांनी आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आत्या वगैरे सगळ्या जमल्या तेव्हा त्या आजीनेच घरात सांगितलं की पोरगी सातपर्यंत येत जाईल, कोणी बोलायचं नाही. पोट दुखणं एकदम थांबलं नाही पण कमी होत गेलं.

सुरुवातीच्या काळात माझ्याकडून एक चूक झाली ती पण सांगते. एका मुलीच्या वडिलांना मी मुलीसमोरच म्हणाले की तुम्ही चुकताय. मला वाटलं मी मुलीची बाजू घेतली. वडिलांनी पुढच्या आठवड्यापासून तिला आणणं बंद केलं, आणि तिला बोलायला जी एक जागा मिळाली होती ती माझ्यामुळे गेली. तेव्हापासून मी मोठ्यांना लेकरासमोर कधी खाली पाडत नाही, आणि तुम्हालाही हेच सांगते की आबांना पोरासमोर गप्प करू नका. आजोबा हरले की नातू जिंकतो असं होत नाही, त्याच्या पायाखालची एक वीट जाते.

भाषेचं बोलते, हे आपल्या खानदेशातच जास्त दिसतं मला. तुम्ही गावात घरी अहिराणी बोलत असाल, आबा तर नक्कीच. शहरात आल्यावर पोराला सांगितलं असेल की शाळेत नीट बोल. बहुतेक घरात सांगतात, चांगल्यासाठीच सांगतात. मग होतं असं की पोरगं घरच्या भाषेत बोलायला लाजतं आणि बाहेरच्या भाषेत त्याला मनातलं सांगता येत नाही. मी एकदा एका मुलासमोर तीन बैठका काढल्या, "ठीक आहे", "काही नाही", याशिवाय शब्द नाही. चौथ्या वेळी सहज तोंडातून गेलं "काय व्हयनं रे तुले?", आणि त्याच्या डोळ्यात एकदम पाणी आलं. त्यानंतर तो तासभर बोलला, अर्धं अहिराणीत. त्याची आजी गेली होती आणि त्या भाषेत त्याला विचारणारं घरात कोणी उरलं नव्हतं. ज्यांचं नाव आपल्या विद्यापीठाला दिलंय त्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) असोद्याच्या, शाळेची पायरी न चढलेल्या, आणि सगळं बोलल्या ते घरच्या बोलीत. मग आपली पोरं कशाला लाजतील. तुमच्या पोराला आजीशी फोनवर बोलू द्या, रोज, अहिराणीत, तुम्ही समोर न थांबता. मला तर वाटतं गाव सोडल्यावर त्याचं सगळ्यात जास्त काय तुटलं असेल तर ते हेच, आणि त्याबद्दल तुमच्या प्रश्नात एक ओळ पण नाहीये.

"आम्हाला काय झालं" याचं उत्तर मला द्यायलाच हवं. तुम्हाला काही झालं नाही, चांगलं आहे. पण तुमच्या वर्गातले सगळे आठवा. जो सोळाव्या वर्षी बापाशी भांडून सुरतला निघून गेला आणि बापाच्या अंत्यविधीलाच आला, तो. जी वहीत चित्रं काढायची आणि दहावीच्या आधी लग्न लावून दिलं, ती. जो आज संध्याकाळ झाली की घरात थांबू शकत नाही, तो. त्यांना कोणी विचारलं नाही. आणि तुमच्या वयाचे बाप माझ्याकडे मुलासाठी येतात आणि दुसऱ्या भेटीत स्वतःच्या बापाबद्दल बोलताना रडतात, पंचेचाळीस-पन्नास वर्षांची माणसं. तेव्हा मार खाऊन काही होत नाही हे मी मान्य करणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलावर हात टाकू नका, आबांनी कितीही सांगितलं तरी. या वयात मार अंगाला कमी लागतो, अपमान जास्त लागतो, आणि त्यानंतर तो तुम्हाला काही सांगणं बंद करेल, जे आज निम्मं बंद झालंच आहे.

रात्रीचा मोबाईल. यात एक शरीराचा भाग आहे तो आबांना नक्की सांगा. वयात येताना झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा तयार व्हायला लागतं, म्हणून या वयाच्या पोरांना रात्री लवकर झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही, आळस म्हणून नाही. आबा आयुष्यभर चारला उठले, त्यांना हे पटायला जड जाईल. पण झोप लागते ८ ते १० तास, आणि शाळा-क्लास सकाळी असतात, मग मोबाईलने त्यात अजून दोन तास खाल्ले की पोरगं कायम अर्धवट झोपेत. चिडचिड, मार्क, भूक नसणं, यातलं किती उदासीचं आणि किती नुसत्या झोपेचं हे झोप सुधारल्याशिवाय मला पण सांगता येत नाही. म्हणून पहिला नियम झोपेचा करा: साडेदहाला घरातले सगळे मोबाईल हॉलमधे एका डब्यात. सगळे म्हणजे तुमचा आणि वहिनींचा पण. तुमचा बाहेर राहिला तर तो नियम नाही, शिक्षा होते.

त्याचा मोबाईल चोरून तपासू नका. वहिनी तपासतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. २००० साली स्वीडनमधल्या स्टॅटिन आणि कर या दोघांचा एक अभ्यास आला, त्यात दिसलं की आईबापांना मुलांबद्दल जे माहिती असतं ते पाळत ठेवून फार कमी कळतं, मुलं आपणहून सांगतात त्यातून जास्त कळतं. म्हणजे खरं काम, त्याला सांगावंसं वाटेल असं घर करणं. गेममधे पैसे किंवा धमकी असा ठोस संशय असेल तर समोर बसून विचारा आणि त्याच्यासमोर बघा, मागून नाही.

आता या महिन्यात काय करायचं ते. पोरगं शाळेत असताना तुम्ही, वहिनी, आबा तिघं बसा. तीनच नियम ठरवा, चौथा नको, आणि तिघांनी तेच बोलायचं. वहिनी गुपचूप रिचार्ज मारून देत असतील तर तेही थांबायला हवं, पण त्यांना सगळ्यांसमोर दोष देऊ नका, त्या भीतीने करतायत, आणि सासऱ्यांसमोर त्यांना स्वतःचं म्हणणं मांडायला आजवर जागा मिळाली नसेल तर ती या बैठकीत द्या, आधी त्यांना बोलू द्या. मार्क, चुलत भाऊ, पुण्याला लागलेला अमुकचा मुलगा हे विषय जेवणाच्या ताटावर पूर्ण बंद. ताटावर बसलेल्याला बोलू नये हे आबांच्याच पिढीने आपल्याला शिकवलंय, त्यांना आठवण करून द्या, त्यांना ते पटेल.

आणि तुम्ही दर रविवारी वावरात चक्कर मारता म्हणता ना, त्याला घेऊन जा. गाडीवर मागे बसवा. समोरासमोर बसवून "बोल, काय प्रॉब्लेम आहे तुझा" असं विचारलं की या वयाचा मुलगा दगड होतो, गाडीवर तोंडाकडे बघावं लागत नाही म्हणून बोलणं निघतं. पहिल्या रविवारी तापीचा पूल ओलांडून चोपड्यापर्यंत तो एक शब्द बोलणार नाही, तुम्हीही उपदेश करू नका. आजीच्या हातची कळण्याची भाकरी खाऊन या. रात्रीच्या लाइटला पाणी भरायला थांबायची वेळ आली तर त्यालाही थांबवा, सुट्टी असेल तर. बांधावर अंधारात बापलेक दोघंच असले की बोलायला सोपं जातं, हे मला एका वडिलांनीच सांगितलं होतं आणि नंतर मी ते कित्येक घरांना सांगितलं.

एखाद्या गोष्टीची माफी मागा त्याची. मोठं भाषण नको. "मागच्या महिन्यात काकांसमोर तुझे मार्क काढले, ते माझं चुकलं," एवढंच म्हणून उठून जा. बापाने माफी मागितली की धाक जातो असं आबा म्हणतील. माझ्या पाहण्यात तरी तसं झालेलं नाही.

हे सगळं करून पंधरा दिवसात पोरगं हसायला लागेल असं समजू नका. बहुतेक वेळा आधी ते अजून चिडतं, कारण नियम खरे आहेत का ते तपासून बघतं. तेव्हा तिघांनी धरून राहायचं. दोन-अडीच महिने द्या.

पण काही गोष्टींना अडीच महिने थांबायचं नसतं, त्या नीट वाचा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त सलग उदास, जुने मित्र पण तोडले, आवडीचं क्रिकेट-गाणी काहीच नको, वजन उतरतंय, अंगावर कापल्याचे व्रण, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलणं-लिहिणं, किंवा आवडत्या वस्तू वाटून टाकणं. यातलं मरणाचं बोलणं किंवा व्रण एकदा दिसले तरी पुरेसं आहे, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या आणि घरातली फवारणीची औषधं, गोळ्या कुलपात ठेवा, गावाकडच्या घरातली पण. वहिनींच्या भीतीला कोणी हसू नका. जागतिक आरोग्य संघटना सांगते की १० ते १९ वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आरोग्याचा काही ना काही त्रास असतो, म्हणजे पन्नास पोरांच्या वर्गात अशी सातएक पोरं बसलेली असू शकतात. आणि "तुला असे विचार येतात का" असं सरळ विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट पोराला सुटल्यासारखं होतं, तेव्हा विचारायला घाबरू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ पासून सुरू आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. तुम्ही स्वतः पण फोन करू शकता. सरकारी दवाखान्यात किशोरवयीन मुलांसाठी मैत्री क्लिनिक असतं, तिथे समुपदेशक भेटतात, पैसे लागत नाहीत.

पोराला समुपदेशकाकडे आणायचं ठरलं तर "तुला दाखवायला नेतोय" म्हणू नका. "आपल्या घरात बोलणं होत नाहीये, मला शिकायचंय, तू सोबत चल" असं म्हणा, आणि पहिल्या भेटीला तुम्ही दोघं आधी या. आबांना आणलंत तर फारच चांगलं, ते यायला तयार होतात हो, फक्त त्यांना कोणी मानाने बोलावत नाही.

आज संध्याकाळी एवढंच करा, आबांजवळ बसा आणि विचारा की आबा तुम्ही पंधरा वर्षांचे होता तेव्हा रात्री कोणाजवळ झोपायचे, कोणाला मनातलं सांगायचे. पोरगं आतल्या खोलीत असेल तर दार उघडं-बंद काय असेल तसं असू द्या, आवाज जाईल इतपत मोठ्याने बोला. काय म्हणाले ते मला कळवा, मुलाचं पुढचं आपण त्यावरून ठरवू.